बस ड्रायव्हरने समजावलेला पर्याय

आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंचा मी सर्वांत जास्त ऋणी आहे. घरातला पहिला पदवीधर झालो तो त्यांच्यामुळे. ओल्या लोकरी कोटांचा वास आला की मला कॅनडात उत्तर ऑन्टारियोतल्या एका छोट्या गावाचा कौन्सिल हॉल, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीचं सभागृह, आठवतो. गावातल्या एकुलत्या एक डॉक्टर निवृत्त होत होत्या. सरकारी आरोग्य विम्यातून पुढची सोय कशी करायची, गावाचा स्वतःचा दवाखाना की शेजारच्या शहरातल्या डॉक्टरांच्या गटात सगळ्यांची नोंदणी, हे कौन्सिलला समजावायला माझ्या सल्लागार कंपनीने मला मार्कहॅम शहरातून पाठवलं होतं. मी गटाची शिफारस केली. सगळ्या सदस्यांनी माना डोलावल्या. भूगोलाच्या बाईंचा अशा डोलणाऱ्या मानांवर विश्वास नसे. धडा संपला की मला उभं करून "आता तू मला शिकव," म्हणायच्या. म्हणून मी स्कूल बस चालवणाऱ्या एका वयस्क सदस्यांना म्हटलं, "आता तुम्ही मला समजावून सांगा." ते हसले, "परीक्षा घेतोस काय रे पोरा?" मग सावकाश म्हणाले, "नाव त्या गटात, म्हणजे नर्सही तिकडे शहरातच. बर्फाने हायवे बंद झाला की बायकोच्या पायाच्या जखमेचं ड्रेसिंग मलाच करायचं. बरोबर ना?" अगदी बरोबर होतं, आणि माझ्या अहवालात ते कुठेच नव्हतं. मतदान व्हायचं होतं. मी उभा राहिलो, चूक कबूल केली आणि शिफारस मागे घेतली. पुढच्या बैठकीत कौन्सिलने गटच निवडला, पण नर्स गावात बसेल या अटीवर. आजही कुणी मान डोलावली की मी थांबतो. त्या आठवड्यात बाईंना पत्र लिहिलं होतं: "बाई, तुम्ही मला उभं करायचात तेव्हा वाटायचं, माझी परीक्षा चालली आहे. तुम्ही तुमचं शिकवणं तपासत होतात, हे मला इथे कळलं."