मर्यादवेलीचा नेम

माझी लेक कोकणात, समुद्राकाठच्या गावात दिलेली. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते आणि माझ्याशी बोलते ती मी तिची नापास विद्यार्थिनी असल्यासारखी. तिच्या गावच्या किनाऱ्यावर पूर्वी मर्यादवेल होती म्हणे. आपट्यासारखी पानं, जांभळट गुलाबी फुलं, वाळूवर लांबच लांब पसरायची आणि वाळू धरून ठेवायची. पुढे लोकांनी वाळू उपसली, उरलेलीवर गाड्या फिरवल्या आणि वेल गेली ती गेलीच. ती परत आणायची, हे लेकीनं मनावर घेतलं. लांबच्या किनाऱ्यांवरून तुकडे आणून तिनं अंगणात रोपं केली, त्यातली थोडी नाशकात माझ्याकडे आणून ठेवली.

"सगळी एका जागी नकोत, आई. तू फक्त जगव."

"अगं, नाशकात समुद्र कुठनं आणू?"

"समुद्र नकोय. वाळू, ऊन आणि कमी पाणी. कमी म्हणजे कमी. तुझा हात आवर."

इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या कंपाउंडलगत मी कापलेल्या निळ्या ड्रमांत वाळू भरली आणि वेल लावली. चांगली पसरली. तेवढ्यात तिकडे उधाणाचं पाणी लेकीच्या अंगणात शिरलं, तिची सगळी रोपं गेली. फोनवर तिचा मास्तरणीचा आवाज कुठल्या कुठे. "आई, आता तुझ्याकडची तेवढीच उरली. बी धरू दे तिला. फूल तोडू देऊ नकोस कुणाला."

कुणाला म्हणजे कुणाला, ते मला लगेच कळलं. आमच्या तळमजल्यावरचे भाऊ! सकाळी कानटोपी घालून फिरायला निघतात ते एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आकडा लावलेली काठी. कॉलनीतली समस्त जास्वंद यांच्या देवांच्या मालकीची. त्यात मार्गशीर्ष लागला, गुरुवारच्या पूजा आल्या. पहिल्याच गुरुवारी खाली येऊन बघते तर वेल बोडकी.

"भाऊ, माझी फुलं?"

"तुमची कसली वहिनी, देवाची. देवाला वाहिली."

"वेलीला बी धरायचंय हो!"

"उद्या येतील की परत. देव काय रागावणार आहे?"

आता या माणसाला परागीभवन समजावत बसू? मी चेहरा गंभीर केला. "देव नाही रागावणार. समुद्र रागावतो. त्याची वेल आहे ती. हिचं फूल तोडून घरात नेलं की घरात पाणी शिरतं. माझ्या लेकीच्याच घरी बघा ना काय झालं."

भाऊ हसले आणि पिशवी हलवत गेले. संध्याकाळी त्यांच्या गिझरचा पाइप फुटला आणि हॉलमधली गादी भिजली. यात माझा हात नाही, देवाशप्पथ.

भाऊंनीच ही गोष्ट सोसायटीभर केली आणि फुलं वाचली. पण पुढच्या गुरुवारी खाली उतरते तर आमच्या सोसायटीतल्या झाडून सगळ्या बायका ड्रमांपाशी! हळदकुंकू, अगरबत्ती, आणि प्रत्येकीच्या हातात पाण्याचा तांब्या. वाळूचा नुसता चिखल. चार-पाच दिवसांत पानं पिवळी पडायला लागली. लेकीनं फोटो मागितला, मी तिला गेल्या महिन्यातला पाठवला. "वा! हिरवीगार आहे," म्हणाली. वेल मेली तर तिकडच्या किनाऱ्याला द्यायला काही उरत नव्हतं, आणि मारली असती ती माझ्याच थापेनं.

मग काय करते? थापेला थापच जोडली. गुरुवारी काठापदराची साडी नेसून ड्रमांपुढे उभी राहिले. "बायांनो, हिला पाणी चालत नाही. समुद्राच्या वेलीला तांब्याभर पाण्याचं काय अप्रूप? मूठभर कोरडी वाळू वाहायची, हा नेम."

"मग काकू, मागच्या गुरुवारी का नाही सांगितलंत?"

"मागच्या गुरुवारी विचारलंत कुठे?"

समोर इमारतीचं काम चालूच होतं. भाऊंनी वॉचमनला विचारून अख्खी गोणी आणली. मूठमूठ वाळू पडत गेली, वेलीची पेरं बुजत गेली, आणि काय सांगू, पेरापेराला मुळं फुटली! तिला हेच हवं असतं, हे लेकीनं मला नंतर सांगितलं. फुलं आली, काळे भुंगे आले, बोंडं धरली. राखणीला भाऊ, तीच काठी घेऊन.

लेकीनं त्या बियांची रोपं केली आणि पावसाच्या तोंडावर लावायला बोलावलं. भाऊ आधीच बॅग भरून तयार. "वेल तिकडे एकटी कशी सोडायची, वहिनी?"

किनाऱ्यावर आम्ही दोघी वाळूत गुडघे टेकून रोपं लावत होतो. तेवढ्यात पर्यटकांची एक जीप सरळ आमच्याच दिशेनं यायला लागली. भाऊ काठी उंचावून आडवे गेले. वाऱ्यावर तुकडे ऐकू येत होते. "…समुद्र रागावतो… अहो, नवीन गिझर… अख्खी गादी!"

लेकीचा हात थांबला. "आई, हे काय सांगतायत? कुणी सांगितलं यांना असलं?"

मी अगदी मन लावून एका रोपाभोवतीची वाळू दाबत बसले.

तिकडे ड्रायव्हरनं कानाला हात लावला आणि जीप रिव्हर्समध्ये घेतली. लेक बघतच राहिली. एकदा जीपकडे, एकदा माझ्याकडे. मग उठली, हात झटकले आणि तोंडाशी हातांचा कर्णा करून ओरडली, "भाऊकाका, त्या बाजूनं अजून एक गाडी येतेय! त्यांनाही गादीचं सांगा!"