थोरलीचा कारखाना, धाकटीचा माईक

दोरखंडाच्या कारखान्यात थोरलीने एकतीस वर्षं काढली. घड्याळाचा मनोरा, गंजलेली क्रेन, जकातीची पिवळी इमारत, बंदराचा सगळा धक्का तिला तोंडपाठ. धाकटी बहीण मात्र लहानपणापासून पाण्याला भ्यायची. तिकडे कधी फिरकलीच नाही.

पुढे बंदर दुसरीकडे हललं, कारखान्याला टाळं लागलं, गोदामांत कॉफीची दुकानं आली. आणि धाकटीला नोकरी लागली ती नेमकी पाहुण्यांना हा धक्का दाखवायची! गळ्यात ओळखपत्र, हातात माईक.

"माझ्याच तोंडून ऐकलेलं लोकांना सांगत फिरते," थोरली नवऱ्याजवळ धुसफुसली.

"मग तू का नाही अर्ज केलास?"

"मला कोणी विचारलं?"

नवऱ्याने पेपर तोंडासमोर धरला.

एका रविवारी थोरलीने चक्क तिकीट काढलं आणि घोळक्यात मागे उभी राहिली. चुका पकडायच्या होत्या. पण वादळात मनोऱ्याचं घड्याळ कसं बंद पडलं, ते धाकटीने असं काही रंगवलं की लोक माना वर करून बघतच राहिले. हीच गोष्ट थोरलीने घरात शंभरदा सांगितली होती. कोणी ताटातून मान वर केली नव्हती.

कारखान्यापाशी धाकटी म्हणाली, "इथे यंत्रावर दोर वळायचे."

"यंत्र शेवटची सात वर्षं!" थोरली मागून कडाडली. "त्याआधी सगळं हाताने, उलटं चालत!"

सगळे वळले. धाकटीचा चेहरा उतरला. मग तिने माईक पुढे केला. "ताई, तूच सांग ना."

थोरलीने माईक घेतला. दोन वाक्यांत ती अडखळली. शेवटी माईक परत देऊन, कमरेला ताग गुंडाळल्यासारखं करत ती उलटी चालू लागली. बोटं आपोआप पीळ देऊ लागली. चाळीस पावलं झाली तरी लोकांची नजर तिच्या बोटांवरून हलली नाही. एका म्हाताऱ्याने तिचे घट्टे पडलेले तळवे हातात घेऊन पाहिले.

"दर रविवारी येशील?" परतताना धाकटीने विचारलं.

"येईन. पण तुझी एकही चूक खपवून घेणार नाही."

"नको घेऊस."

तेव्हापासून कारखाना थोरलीचा, बाकीचा धक्का धाकटीचा. धाकटीच्या विनोदाला लोक हसले की थोरलीच्या कपाळाला अजून आठी पडते. परवा एका बाईने दोघींचा फोटो मागितला. थोरलीने बहिणीला कोपराने हळूच मागे सारलं आणि स्वतः पुढे उभी राहिली.