मावशीचा लांडगा

माझी मावशी चेलो वाजवायची. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीत बसून दोन गुडघ्यांत धरून वाजवतात तो. एवढं मोठं धूड कशाला, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "पोरं झाली नाहीत, मग मांडीवर काहीतरी नको?" सगळे हसायचे आणि माझी आई पटकन विषय बदलायची.

तिच्या खोलीतली लाकडी जमीन भोकांनी भरलेली. चेलोच्या खालची टोकदार सळई रोज तिथंच रुतायची ना. घरमालक कुरकुरला तर म्हणाली, "वाळवी आहे मी, समजून घ्या."

ती चौघांत वाजवायची. दोन व्हायोलिनं, एक व्हिओला, म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठं, आणि ही. पहिल्या व्हायोलिनवाल्या काकांना सगळे सेनापती म्हणायचे, कारण ते नुसता नाकानं सूंऽ करून श्वास ओढायचे आणि चौघं एकदम सुरू! हात नाही, मान नाही, फक्त नाक.

आणि लांडगा. चेलोत एखादा सूर असा असतो की तो लावला की लाकूडच थरथरतं आणि आवाज गुरगुरतो. वाजवणारे त्याला लांडगाच म्हणतात. शिकायला येणारी पोरं तो लागला की ओरडायची, "लांडगा आला रे आला!" मावशी म्हणायची, "आला तर आला. पळताय काय? गुडघ्यानं दाबा त्याला. पण मारू नका हं, बिचारा." त्याला मारायची एक छोटी पितळी नळी मिळते, तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या खाली तारेवर बसवायची. मावशीनं ती कधीच लावली नाही.

मग तिचे कान गेले. म्हणजे हळूहळू, आणि तिनं कुणालाच सांगितलं नाही, झाकली मूठ! ती सेनापतींच्या नाकाकडे बघून सुरू करायची. आमचं बोलणं ओठांवरून ओळखायची, आम्हाला वाटायचं काय मन लावून ऐकते ही. आणि वाजवताना तिचा आधार कोण, तर लांडगा. बाकीचे सूर धूसर, पण तो छातीच्या हाडावर धडधडायचा. तो धडधडला की तिला कळायचं, बोट बरोबर जागेवर आहे.

एका तालमीत लांडगा भयंकर गुरगुरला. तिला गुरगुर ऐकूच आली नाही, नुसती छातीवर धडधड कळली. सेनापतींना वाटलं, हिचे गुडघे थकले, दाबता येत नाही, पण बोलणार कशी. म्हणून कार्यक्रमाच्या आधी ती आरशासमोर केस नीट करत होती तेव्हा त्यांनी गुपचूप ती नळी बसवून टाकली. प्रेमानं हो! तिला त्रास नको म्हणून!

संथ भाग आला. मावशी एकटी वाजवत होती, मी समोर बसलेले. ती त्या सुरावर आली, अगदी बरोबर आली. पण धडधडलंच नाही. तिला वाटलं चुकले. तिनं बोट वर सरकवलं, मग खाली, मग परत वर, अंधारात चप्पल शोधतात तसं. सगळं बेसूर झालं. कुणीतरी खोकलं. ती गज घट्ट धरून शोधतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सेनापती घरी आले, मी तिथंच होते. तिनं नळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"माझी काठी काढून घेतलीत तुम्ही," ती म्हणाली.

"कसली काठी? अगं, मी तर..."

"बहिरी झालेय मी."

ते खुर्चीत बसलेच. "सांगितलं नाहीस? इतकी वर्षं शेजारी बसतो आपण!"

"सांगितलं असतं तर बसवलं असतंत?"

ते तळहातावरची नळी फिरवत राहिले. तिथंच कळलं तिला. मलाही.

चौथी खुर्ची तिनं स्वतःच सोडली आणि तिथं आपली शिष्या बसवली, आपला चेलो देऊन. त्या पोरीच्या पहिल्या कार्यक्रमाला मी मावशीला घेऊन गेले. तोच संथ भाग. मावशीनं पुढच्या लाकडी कठड्यावर दोन्ही तळवे टेकवले होते, काही पोचतंय का बघायला. पोरीचं बोट त्या सुरावर आलेलं बघून तिनं माझ्याकडे वळून विचारलं, जरा मोठ्यानंच, आजूबाजूचे बघायला लागले, "आला का गं लांडगा?"

नव्हता आला. नळी नव्हती तरी नव्हता आला. त्या पोरीनं गुडघ्यानं इतका अलगद दाबला होता, अगदी मावशीनं शिकवलं तसा.

मी मान हलवली, नाही.

"शाब्बास," मावशी म्हणाली आणि कठड्यावरचे हात काढून मांडीवर घेतले. मांडी रिकामी होती.