चपलेला लावलेलं इलॅस्टिक

फिजिओ मॅडमनी काकूंच्या डाव्या चपलेकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "हे इलॅस्टिक कोणी लावलं?"

"मी लावलं," मी पटकन म्हणाले. खरं सांगते, शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

"कधी?"

"मंगळवारी."

"कशासाठी?"

"चप्पल सारखी निसटत होती, मॅडम."

मॅडमनी खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि काकूंना पलंगावर बसवलं. "काकू, डावा पंजा वर करा. टाच जमिनीवरच ठेवा, फक्त पंजा." काकूंनी जोर लावला. पंजा जिथल्या तिथे. "अंगठा?" अंगठाही नाही.

"मागच्या शुक्रवारी होत होतं," मॅडम म्हणाल्या आणि फोन घेऊन गॅलरीत गेल्या.

मी ब्युरोची अटेंडंट. ब्युरो म्हणजे आजारी माणसांच्या घरी देखभालीला बायका पाठवणारं ऑफिस. मी नर्स नाही. आंघोळ घालायची, गोळ्या वेळेवर द्यायच्या, उठवायचं, बसवायचं, हे माझं काम. शिक्षण सातवी. गाव किनवटच्या पुढे. पुण्यात आले तेव्हा इथे माझं कोणी नव्हतं, ब्युरोने काम दिलं आणि राहायची सोय झाली. ते उपकार मी विसरले नाही. पण चोवीस तासांची ड्यूटी सुटली की डोक्यावरचं छप्परही सुटतं, ही भीतीसुद्धा कधी गेली नाही.

काकू शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. बिल्डिंगला लिफ्ट नाही. सरकारी कचेरीत स्टेनो होत्या, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. पाठीच्या मणक्यांमध्ये गादी असते, ती सरकून नस दाबली गेली होती. त्याचं ऑपरेशन झालं आणि चौथ्या दिवशी त्यांना घरी आणलं. मुलगा निखिल हिंजवडीला कंपनीत. तो तिकडेच राहायचा, रविवारी यायचा. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप केला होता. त्यात तो, त्याची बायको आणि मी. रोजचं रोज मी त्यावर कळवायचं. मला टाइप करायला वेळ लागतो, म्हणून मी फोटो टाकायची.

काकूंना एकच ध्यास. जिना उतरायचा आणि मंडईत जाऊन स्वतःच्या हाताने भाजी निवडायची. डॉक्टर म्हणाले होते, दीड महिन्याने उतरा. काकू कॅलेंडरवर रोज एक फुली मारायच्या.

जिभेला धार होती, पण मनाने फार चांगल्या. पहिल्या दिवशी मी ताट घेऊन स्वयंपाकघरात उभ्याने जेवायला लागले, तर आतून आवाज आला, "अनसूया, इथे टेबलावर ये. तिकडे तू काय खातेस ते वाकून बघायची मला डॉक्टरांनी परवानगी दिलेली नाही." इतक्या वर्षांत पेशंटच्या टेबलावर मी पहिल्यांदा जेवले. त्या दिवसापासून काकूंना कशाचा म्हणून त्रास होऊ द्यायचा नाही, हे मी मनाशी ठरवलं.

तिथेच चुकलं.

रविवारी सकाळी वॉकर घेऊन काकू बाथरूमकडे निघाल्या आणि डावी चप्पल उंबऱ्यापाशी मागेच राहिली. त्यांना कळलंही नाही. मी उचलून पायात घातली. दुपारी निखिल आला, तेव्हा काकू खुर्चीतच बसून होत्या. चपलेचं मी त्याला सांगितलं नाही. सोमवारी पाय सतरंजीच्या कडेला अडखळला. मी सतरंजी गुंडाळून कपाटावर टाकली. चालताना फरशीवर फट् फट् आवाज यायला लागला. मला वाटलं चप्पल मोठी आहे. मंगळवारी काकूंच्या शिवणाच्या डब्यातून रुंद इलॅस्टिक काढलं आणि टाचेमागून दोन्ही बाजूंना पक्कं शिवलं. चप्पल निसटायची बंद झाली.

"अगं, तुला तर इंजिनियर करायला हवं होतं," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे एक झालाय, त्याला बल्बसुद्धा बदलता येत नाही."

मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली निखिलच्या टाळ्या आल्या.

पाठीची कळ त्या आठवड्यात कमी झाली होती, हेही सांगायला हवं. काकू हसत होत्या, नीट झोपत होत्या. दुखत नाही म्हणजे बरं होतंय, असंच आम्हाला दोघींना वाटलं. पाय बिघडत होता आणि मी घर दुरुस्त करत होते.

पण एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, ती इथे लिहिते. बुधवारी काकू चालताना डावा गुडघा जरा जास्तच उचलतात, हे माझ्या लक्षात आलं होतं. फिजिओ मॅडमचा नंबर माझ्याकडे होता. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. म्हटलं, शुक्रवारी येणारच आहेत. आणि मनात दुसरंही होतं. तक्रार कळवली की पेशंट तुझ्या हातात बिघडला म्हणतात आणि दुसरी बाई पाठवतात. मला ते टेबल सोडायचं नव्हतं.

सर्जन साहेबांशी बोलून मॅडम गॅलरीतून आत आल्या. "काकू, याला फूट ड्रॉप म्हणतात. पंजा उचलणाऱ्या नसेवर दाब आलाय. पाय लुळा पडतो, म्हणून चप्पल सुटते. आजच्या आज एमआरआय करायचाय."

तासाभरात निखिल आला. अ‍ॅम्ब्युलन्सची माणसं स्ट्रेचर घेऊन जिना चढत होती. निखिल माझ्यावर ओरडला. "मावशी, तुम्हाला एवढंही कळत नाही? चप्पल कसली शिवत बसलात?"

काकू पलंगावरून म्हणाल्या, "निखिल, ग्रुप उघड. मंगळवारचा फोटो बघ."

"आई, आत्ता नको."

"आत्ताच. खाली टाळ्या कोणाच्या आहेत, ते वाच मोठ्याने."

त्याने फोन काढला, बघितला, खिशात ठेवला. मग स्ट्रेचरला हात लावायला पुढे गेला. पण त्याने मला हलकं वाटलं नाही. त्याने फोटो बघितला होता. चालणं मी बघितलं होतं.

एमआरआयमध्ये दिसलं, गादीचा उरलेला तुकडा पुन्हा सरकून नसेवर आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ऑपरेशन. नंतर मी सर्जन साहेबांना कॉरिडॉरमध्ये गाठलं. "साहेब, रविवारी सांगितलं असतं तर?"

"लवकर आलं तर फायदा होतो," ते म्हणाले. "यांना किती झाला असता, ते कोणीच सांगू शकत नाही."

हे उत्तर अजून माझ्याजवळ आहे. त्याचं काय करायचं ते कळत नाही.

ब्युरोच्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. "अनसूया, तुझं काम बघायचं आणि सांगायचं. रिपेरिंगचं नाही." त्या दुसरी बाई पाठवणार होत्या. काकूंनी हॉस्पिटलमधून फोन केला आणि नको म्हणाल्या. मी आणखी चार महिने तिथे होते. पंजा थोडा परत आला, पूर्ण नाही. पायाला पंजा वर धरणारी प्लास्टिकची पट्टी बांधून काकू घरात फिरतात. जिना एकटीने उतरणं कायमचं बंद झालं. कॅलेंडरवर फुल्या मारणं त्यांनी दुसऱ्या ऑपरेशननंतर पुन्हा सुरू केलं नाही.

मी एकदा माफी मागायला गेले. काकूंनी पेपरमधून डोकं वर न काढता म्हटलं, "पाय माझा होता. त्याची बातमी आधी मला लागायला हवी होती. जा आता, गवार आण, आणि कोवळी बघून घे." मी आणलेली गवार जून निघाली. काकूंनी ती मुकाट्याने निवडली. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता नव्या घरी गेले की पहिल्याच दिवशी विचारते, काय बदललं तर कोणाला फोन करायचा. आणि करते. काही नातेवाईक वैतागतात. मागच्या महिन्यात कोथरूडच्या एका घरातून मला काढून टाकलं. सूनबाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही फार घाबरवता हो आम्हाला." त्यांचंही चूक नव्हतं. आजोबांना खरंच काही झालेलं नव्हतं.

बॅग भरली आणि निघाले. दुसऱ्या घरचं काम मिळायला बारा दिवस लागले.