तेंडोलकरांचं तिसरं मीटर

सिल्वासाच्या कचेरीत रमाकांत तेंडोलकरांचं नाव निघालं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडत. गृहस्थ मूळचे वेंगुर्ल्याचे, मुंबईत कारकुनी करून बासष्ट साली इथे हेडक्लार्क म्हणून आलेले. काम एकच, आलेल्या मागणीला कात्री लावणं. शाळेने सहा बाकं मागितली की हे चार मंजूर करणार. कुणी आठ दिवसांची रजा मागितली की पाच. मुलं जमिनीवर बसतात का, हे बघायला ते खुर्चीवरून कधी उठले नाहीत. वर पुन्हा, आपण सरकारचं केवढं भलं करतो, या समाधानात रोज दुपारी डबा खात.

या माणसाला व्यसन म्हणाल तर एका गाडीचं. कुणा पोर्तुगीज अधिकाऱ्याने जाताना मागे टाकलेली, दोनच माणसांची, उघडी, लाल गाडी त्यांनी लिलावात घेतली होती. रेसची म्हणे. ते राहत त्या टोकरखाड्यातून ती निघाली की कोंबड्या आणि शेजारी दोघेही बाजूला होत. गाडीत वेग दाखवणारा काटा तेवढा होता, इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते कळायची सोय नव्हती. म्हणून तेंडोलकर रोज सकाळी लोटा घेऊन रेडिएटरमधलं पाणी बघायचे. हेडक्लार्कने सकाळच्या प्रहरी लोटा घेऊन रस्त्यावर उभं राहावं, लोकांनी काय समजावं! ते त्यांना सहन होईना.

चौसष्टच्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईहून तीन मीटर आणली. एक तेलाच्या दाबाचं, एक बॅटरीच्या करंटचं आणि तिसरं पाणी किती तापलं ते सांगणारं. बसवायला वसंत मिस्त्री आला. तो धुळ्याकडचा, हात सोन्याचा. पहिली दोन मीटर त्याने तासाभरात बसवली. तिसऱ्याच्या पाठीतून तांब्याची बारीक नळी निघत होती आणि तिच्या टोकाची बोंडी रेडिएटरच्या डोक्यात बसवायची होती. नळी होती सहा फूट, आणि गाडीला तीन पुरे.

"सायेब, हे नळीले कापू नका बरं," वसंत म्हणाला. "आत औषध भरेल ऱ्हातं. कापली का मीटर मेलं. जास्तीची मी गुंडाळून देतो."

तो जेवायला गेला. तेंडोलकर त्या वेटोळ्याकडे बघत राहिले. तिनाच्या जागी सहा! असला कागद टेबलावर आला असता तर त्यांनी क्षणभरही थारा दिला नसता. आणि मिस्त्रीचं सांगणं काय, तोंडी. त्यांनी पक्कड घेतली, मधले तीन फूट काढून टाकले आणि दोन्ही टोकं डाख देऊन सुबक जोडली. जेवून आलेल्या वसंतने कपाळाला हात लावला आणि हत्यारं गोळा करून तो चालता झाला.

मीटर मेलं, पण दिसायला झकास दिसत होतं. काटा तळाशी बसला तो हलेचना. तेंडोलकरांनी त्याचा अर्थ असा लावला की इंजिन थंड आहे. सिल्वासाच्या उन्हाळ्यात! येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून ते काटा दाखवू लागले. लोटा मात्र परत मोरीत गेला.

मे महिन्यात त्यांच्या बायकोची, सुनंदाबाईंची, शिक्षिकेच्या ट्रेनिंगची परीक्षा आली. परीक्षा मुंबईला. ही हुकली तर त्यांची शाळेतली नोकरी जाणार होती. वापीहून नऊची आगगाडी गाठायची होती.

"मी बसने जाते," त्या म्हणाल्या.

"घरची गाडी असताना बस?" तेंडोलकरांनी पिशवी उचलून गाडीत टाकली.

दोन मैलांवर सुनंदाबाई म्हणाल्या, "अहो, पायाखालचा पत्रा तापलाय."

"अगं, काटा बघ. गारेगार आहे."

सुनंदाबाईंची चप्पल नवी, तिचा अंगठा पायाला कापत होता, म्हणून त्यांनी ती काढून पिशवीत टाकली होती आणि पिशवी सीटच्या मागे होती. पाय वर घ्यायला जागा नव्हती. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "चटके बसतायत हो."

"ऊन आहे ते."

"कसलातरी जळका वास येतोय."

"विलायती मीटर आहे. ते खोटं सांगेल का?"

दादरा ओलांडलं आणि इंजिनातून धडाम्‌ आवाज झाला. सगळीकडे वाफच वाफ झाली आणि गाडी रस्त्यातच ठप्प. त्या वाफेत बसून तेंडोलकर मीटरच्या काचेवर टिचक्या मारत होते. काटा तळाशीच होता.

मागून वापीची बस आली. सुनंदाबाईंनी हात केला आणि खाली पाऊल टेकताच त्या कळवळल्या. तेंडोलकरांनी आत्ता कुठे वळून बघितलं. दोन्ही तळवे लालभडक झाले होते, टाचेला टचटचीत फोड आला होता.

"अगं, एवढं भाजेपर्यंत बोलली का नाहीस?"

"तीनदा बोलले," त्या म्हणाल्या.

पिशवी घ्यायला ते पुढे झाले, पण ती तोवर कंडक्टरच्या हातात गेली होती. कंडक्टरची नजर खाली गेली. "अरे बेन, पगे शुं थयुं?" त्याने विचारलं आणि पुढच्या बाकावरच्या माणसाला उठवून त्यांना बसायला जागा दिली. नवाला अजून अर्धा तास होता. आगगाडी मिळणार होती.

सुनंदाबाईंनी त्याला काहीतरी उत्तर दिलं. काय ते तेंडोलकरांना ऐकू आलं नाही, पण बसमधली माणसं एकेक करून खिडकीतून त्यांच्याकडे बघू लागली. सुनंदाबाई तेवढ्या समोर बघत होत्या. बस हलली आणि त्या भर रस्त्यात तेंडोलकरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.