डुप्लिकेट अलॉय लावणार नाही म्हणजे नाही

आज बारामतीला गेले होते, माझ्या पहिल्या गाडीला अलॉय व्हील बसवायला. सोबत आबा, माझे वडील.

कंपनीची अस्सल चाकं परवडेनात. मग दुकानदाराने हुबेहूब तशीच डुप्लिकेट काढली. "ताई, लोगोसुद्धा हाय. कुणाला कळतंय?"

मी हो म्हणणारच होते, तेवढ्यात आबा बोलले, "डाळिंबाच्या क्रेटमधी खाली बारकी फळं भरली, तर वरनं कुणाला कळतंय? आपण भरतो का?"

होती त्याच साध्या लोखंडी चाकांवर निरवांगीला घरी परत आलो. दारातच सगळं ऐकून चुलतभाऊ हसला, "डुप्लिकेट लावायची की! कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं," म्हटलं.

हसणाऱ्यांनी खुशाल हसा. फक्त एक सांगा, तुमच्या गाडीवरचा लोगो खरा हाय ना?