सुकाणूवरचे सोमकुवर काका

पहिल्याच दिवशी सोमकुवर काकांनी माझी राजम्याची वाटी उचलून माझ्याच हातात परत ठेवली. मी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. कंपवाताच्या रुग्णांना बोटांचा व्यायाम म्हणून मी एका वाटीतले राजमे एकेक करून दुसऱ्या वाटीत टाकायला देते. तोवर कोणी कुरकुर केली नव्हती. काका सत्तरीचे, ताठ बसलेले. दाढी घोटून केलेली आणि हनुवटीवर कापल्याच्या तीन ताज्या खुणा. उजवा हात मांडीवर थडथडत होता.

"हे राजमे इकडून तिकडं नेले तं काय होते?" त्यांनी विचारलं.

"बोटांची सवय टिकते, काका."

"मंग मले कामाचं काई द्या ना. राजमे निवडाले माही पोरगी हाय."

पोरगी म्हणजे रंजना, शाळेत शिकवणारी. ती शेजारीच बसली होती आणि लाजून माझ्याकडे बघत होती.

पुढच्या खेपेला काका प्लास्टिकचा टब घेऊन आले. टबात, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, रिमोटवर चालणारी हातभर लांबीची लढाऊ बोट होती. बोटीच्या पोटात पाणी शिरून मोटर जळली होती आणि पंख्याचा दांडा गंजून अडकला होता. त्यांनी खिशातून बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि म्हणाले, "आता मोजा तुमचा व्यायाम." रिकामा असताना एक क्षण न थांबणारा तो हात स्क्रूवर टेकला आणि जवळजवळ शांत झाला. या आजारात असं होऊ शकतं हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण एका माणसाला त्या शांततेची वाट बघताना मी पहिल्यांदाच पाहत होते. चार स्क्रू काढायला त्यांना अर्धा तास लागला. एकही खाली पडला नाही.

दवाखान्यातले मोठे डॉक्टर तेवढ्यात आत आले. बोट पाहून हसले आणि रंजनाला म्हणाले, "यांना आता असलं नाजूक काम जमायचं नाही. टीव्ही वगैरे बघू द्या." काकांनी मान वर केली.

"डॉक्टरसाहेब, मी इथंच बसून राहिलो. जे सांगाचं ते मले सांगा."

त्या आजारानं त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव पुसत आणले होते. त्यामुळे राग असो की गंमत, चेहरा सारखाच. सगळं आवाजावरून ओळखावं लागे. त्या दिवशी डॉक्टरांनाही ते ओळखता आलं.

काका मूळचे काटोलकडचे. आईवडील संत्र्यांच्या बागांमध्ये मजुरीला जात. विहिरीपेक्षा मोठं पाणी न पाहिलेला हा मुलगा नौदलाची जाहिरात वाचून भरतीला गेला. गावातल्या एकानं "तुमच्या लोकायले समुद्रात कोन नेते?" असं विचारलं, तेव्हा त्यांच्या वडिलांनी उत्तर दिलं होतं, "नेत नाईत, तो जाऊन राहिला." हे वाक्य काका छाती पुढे काढून सांगत. मग वीस वर्षं ते किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या एका छोट्या लढाऊ बोटीच्या इंजिनखोलीत होते. निवृत्त होऊन नागपुरात आले, हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर झाले. इकडे त्यांची बोट म्हातारी झाली आणि भंगारात निघाली. ती कापली गेल्याचं एका जुन्या सोबत्यानं फोनवर सांगितलं, त्याच आठवड्यात काकांनी कोणाच्या तरी माळ्यावर पडलेली ही परदेशी खेळण्यातली बोट मिळवली.

ती होती कुठल्यातरी गोऱ्यांच्या नौदलाची. काकांनी तिच्या कडेच्या टॉर्पेडोच्या नळ्या कापून काढल्या. पुढे बॉलपेनच्या नळीची तोफ बसवली, तांब्याच्या तारेचे कठडे वाकवले, राखाडी रंगाचे पाच हात दिले. सगळ्यात जास्त दिवस त्यांनी इंजिनखोलीवर घालवले. वर झाकण लागलं की ती कोणाला दिसणारच नव्हती. तरी आत शिडी होती, नळ होते, बोटाच्या पेराएवढं स्टूल होतं.

"दिसणार नाही तर एवढं कशाला, काका?"

"आमी तरी कोनाले दिसत होतो?" ते म्हणाले. "पन बोट चालतच होती ना."

मोटर बदलून झाली आणि तारा जोडायची वेळ आली. सोल्डरिंग आयर्न तापवून टाका द्यायचा होता. रंजनानं काळजीनं मला फोन केला. मी तिला म्हटलं, "कपाटात टाका ते, कुलूप लावा." मला ते अगदी शहाणपणाचं वाटलं. पुढचे दोन आठवडे काका व्यायामाला आले नाहीत. शेवटी मीच त्यांच्या घरी गेले. ते टेबलापाशी बसले होते, अंगठ्याला पट्टी. स्क्रू-ड्रायव्हर गॅसवर तापवून त्यांनी टाका द्यायचा प्रयत्न केला होता.

"कुलपाची अक्कल तुमची म्हने," ते म्हणाले.

"हो. भाजलं असतं म्हणून."

"वीस वर्सं इंजिनखोलीत भाजलोच ना मी. तवा कोनी कुलूप नाई लावलं." त्यांचा आवाज आधीच बारीक झाला होता, तो आणखी खाली गेला. "मॅडम, हात हलते हे मले ठाऊक हाय. माहाच हात हाय तो. तुमी मले एक डाव इचारलं असतं, तं मी सांगितलं असतं का, करू तं कसं करू."

"आता विचारते. कसं करणार?"

त्यांनी टेबलाच्या कडेला ठोकलेला लोखंडी शिकंजा दाखवला. आयर्न त्यात घट्ट आवळायचं, ते हलणारच नाही. दोन्ही कोपरं लाकडी ठोकळ्यावर टेकवायची आणि तार चिमट्यात धरून आयर्नकडे न्यायची. गरम वस्तू हातात घ्यायचीच नाही. मी शिकलेल्या कुठल्याही पुस्तकात इतकी साधी युक्ती नव्हती. मी रंजनाकडे पाहिलं. ती आत गेली आणि आयर्न घेऊन आली. मी काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "माफी ठेवा, उजेड धरा."

बोट दुरुस्त झाली, पण खरी पंचाईत रिमोटची निघाली. त्याची दांडी काडीएवढी, हाताला स्क्रूसारखा टेकू नाही. हात थडथडला की दांडी थडथडे, सुकाणू थडथडे, आणि घरच्या पाण्याच्या टाकीत बोट दारू प्यायल्यासारखी चाले. काकांनी आठ दिवस विचार केला. मग रंजनाच्या दिवंगत आईच्या शिलाई मशीनचं लोखंडी चाक उतरवलं, रिमोट उघडून ते दांडीच्या जागी जोडलं आणि त्याच्या आसात घट्ट ग्रीस भरलं. चाक इतकं जड की बारीक थरथर त्याला हलवूच शकत नव्हती. मनापासून वळवलं तरच वळायचं. रंजना रडवेली झाली. "बाबा, आईचं मशीन होतं ते!"

"तुही माय असती तं तिनंच पाना आनून देला असता," काका म्हणाले. खोटं नसावं, कारण रंजना रडता रडता हसली.

फुटाळा तलावावर एका रविवारी हौशी लोकांचा मॉडेल बोटींचा मेळावा होता. आम्ही तिघं गेलो. संयोजक मोठे अगत्यशील. काकांना हार घातला, खुर्ची दिली आणि म्हणाले, "माजी नौसैनिक म्हणून आपली ओळख करून देऊ. तुम्ही फक्त आरामात बसा, बोट आमचे कार्यकर्ते चालवतील."

काकांनी हार काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"वीस वर्सं मी खाली होतो, भाऊ. वरून घंटी वाजे, आमी इंजिन वाढवू. कुठं चाललो ते वरच्यायले ठाऊक. सुकाणूले माहा हात एक डावही नाई लागला. आता तुमी म्हनता, बसा?"

संयोजकांनी त्यांना पाण्यापर्यंत वाट करून दिली. पाण्यात तीन लाल गोळे तरंगत होते, त्यांना वळसा घालून परत यायचं होतं. पहिल्याच गोळ्यावर काकांची बोट धडकली. गर्दीत कोणीतरी "अरेरे" म्हणालं. एका कार्यकर्त्यानं चांगुलपणानंच रिमोटकडे हात नेला. "हात काढ गा," काका म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता, डावा पाय खाली ठक ठक वाजत होता. मी त्यांच्या मागे उभी होते आणि माझेच हात शिवशिवत होते, पण मी ते पाठीशी बांधून घेतले. बोट मागे आली, पुन्हा निघाली. इतर बोटींना लागला त्याच्या चौपट वेळ लागला. पण तिन्ही गोळ्यांना वळसा घालून ती राखाडी बोट किनाऱ्याला अलगद टेकली. टाळ्या वाजल्या तेव्हा काका पंख्यात अडकलेलं शेवाळ काढत होते.

ते या फेब्रुवारीत गेले. निमोनियाचं निमित्त झालं. त्याआधीच्या दोन वर्षांत आजारानं त्यांच्याकडून बरंच काही काढून घेतलं होतं. चालणं गेलं, मग हात इतके ताठरले की ते जड चाकही वळेना. काकांनी चाक काढलं आणि पायानं दाबायच्या पट्ट्या करायला घेतल्या. डावी दाबली की बोट डावीकडे, उजवी दाबली की उजवीकडे, सोडून दिली की सरळ. ते सांगत, रंजना पाना फिरवी. डावी पट्टी तयार झाली. उजवीसाठी लागणारी स्प्रिंग मनासारखी मिळेना, तेवढ्यात त्यांना दवाखान्यात हलवायचं ठरलं.

भरती व्हायच्या आदल्या दिवशी, सकाळी, त्यांनी हट्टानं आम्हाला तलावावर नेलं. चाकांची खुर्ची पाण्याशी लावली. पायाखाली एकच पट्टी. बोट सरळ जात होती, डावीकडे वळत होती, बस. फिरायला आलेली काही माणसं थांबून बघू लागली.

"बाबा, उजवीकडं कमळं हायत," रंजना म्हणाली. "तिकडं नाई जाता येनार आता."

काकांनी पट्टी दाबली ती सोडलीच नाही. बोट डावीकडे वळली, आणखी वळली, आमच्याकडे तोंड करून आली, तशीच पुढे फिरत राहिली आणि जवळजवळ पूर्ण गिरकी घेऊन उजवीकडच्या त्या कमळांकडे वळली. मग त्यांनी पाय उचलला. बोट सरळ निघाली.

त्यांचा आवाज आता ओठांजवळ कान नेल्याशिवाय ऐकू येत नसे. मी वाकले.

"जाता येते," काका म्हणाले. "येळ लागते."